शिवडी-न्हावा पूल आणि गाठीमागचा हिशेब

मुंबई बेट चिंचोळे. शहर वाढायचे तर खाडीपलीकडेच. ही गोष्ट 1963 सालच्या अहवालातच मांडली गेली होती. न्हावा शेवा बंदर 1989 मध्ये सुरू झाले, पूल मात्र 12 जानेवारी 2024 रोजी खुला झाला. लांबी 21.8 किलोमीटर, त्यातले सुमारे 16.5 समुद्रावर. तोवर आम्हा व्यापाऱ्यांचा माल ठाण्याला नाहीतर वाशीला वळसा घालूनच जात राहिला.

पूल झाला याची खुशी आहेच. पण व्यापाऱ्याने आधी हिशेब मांडावा. सुरुवातीला एका खेपेचा टोल मोटारीला 250 रुपये आणि हलक्या मालवाहू गाडीला 400 रुपये ठरला. मंगळदास मार्केटातून पनवेलला टेंपोने चार गाठी धाडल्या, तर गाठीमागे शंभर रुपये टोलातच गेले. दहा गाठी असतील तर चाळीस. तेव्हा पनवेल-उरणच्या दुकानदार बांधवांनी मिळून टेंपो भरावा. अर्धा टेंपो धाडणे म्हणजे नफा खाडीत टाकणे.

स्कूटरवर कपड्याचे गठ्ठे नेणाऱ्याला तर हा रस्ताच नाही. दुचाकी आणि रिक्षाला बंदी आहे. बंदी सुरक्षिततेसाठी, हे आम्हाला मान्य. पण त्याच्या नशिबी वाशीचा वळसा कायमच राहिला.

पुढचा पूल आखताना मोटारींबरोबर टेंपो आणि बसमधली माणसेही मोजली जावीत. आपल्या संघटनांनी आराखडा कागदावर असतानाच लेखी सूचना द्याव्यात. खांब उभे राहिल्यावर बोलून काय फायदा?