उरलेल्या गाळण्यांचे ओझे

एकत्र कुटुंबातील कमावते हात एकामागून एक थकले, की त्यांचा भार उरलेल्यांच्या खांद्यांवर येतो आणि त्या भारानेच पुढे तेही वाकतात. मूत्रपिंडाच्या जुनाट विकाराची कथा याहून फारशी निराळी नाही.

आपल्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा या दोन लहानशा अवयवांकडे जातो. गाळणीत रक्त आणणारी एक बारीक वाहिनी असते आणि बाहेर नेणारी दुसरी. ‘अँजिओटेन्सिन’ नावाचे द्रव्य ही दुसरी वाहिनी अधिक आवळते, तेव्हा गाळणीतील दाब वाढतो. रक्तदाब घसरला असता हीच योजना आपणांस तारते. परंतु मधुमेहाने वा उच्च रक्तदाबाने पुष्कळ गाळण्या निकामी झाल्या, की उरलेल्यांत वाढीव दाब कायमचा मुक्काम ठोकतो. हा विचार १९८२ मध्ये अमेरिकेतील बॅरी ब्रेनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ठामपणे मांडला.

या ताणामुळे आणि अँजिओटेन्सिनमुळे ‘टीजीएफ-बीटा’ हा वृद्धिघटक वाढतो. जखम भरून आणण्यास मदत करणे हे त्याचे एक काम. पण जखम रोजचीच झाली, की तो व्रणच घडवीत राहतो. जिवंत गाळणीच्या जागी निरुपयोगी तंतू उरतात.

यावर उपाय सापडला तो ब्राझीलमधील एका सर्पाच्या विषाच्या अभ्यासातून. त्यातून निर्माण झालेले ‘कॅप्टोप्रिल’ अँजिओटेन्सिन तयार होण्यास अटकाव करते. इन्शुलिनवर अवलंबून असणाऱ्या मधुमेही रुग्णांवरील चाचणीचा निष्कर्ष १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. मूत्रपिंड बिघडलेल्या त्या रुग्णांत मृत्यू, डायलिसिस किंवा प्रत्यारोपण यांचा एकत्रित धोका या औषधाने निम्म्यावर आला.

मात्र ही औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्त तपासूनच घ्यावयाची असतात. शिवाय हा विकार प्रारंभी दुखत नाही, म्हणून त्याची चाहूलही लागत नाही. ज्यांच्या घरी मधुमेह वा रक्तदाब आहे, अशा वाचकांना आम्ही आग्रहाने सुचवतो, की वर्षातून एकदा लघवीतील प्रथिनांची आणि रक्तातील क्रिएटिनिनची तपासणी करून घ्यावी. गुडघेदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या मनानेच घेत राहू नयेत. गाळणीत रक्त आणणारी वाहिनी मोकळी ठेवणारी द्रव्ये त्यांतील अनेक गोळ्या बनू देत नाहीत, आणि आधीच दमलेल्या गाळण्यांचा रक्तपुरवठा त्यामुळे कमी होतो.