घरचे ध्वनिमुद्रण : लेखांक सहावा
नऊ फुटांचे छत

भिंतींपुढे कपाट, पडदा, पुस्तकांची मांडणी अशी काही ना काही आडकाठी घरोघरी असतेच आणि तिच्यामुळे ध्वनीचे परावर्तन थोडेफार विस्कळीत होते; परंतु छताच्या वाट्याला पंख्याखेरीज काहीच येत नसल्यामुळे, वरचा काँक्रीटचा स्लॅब आणि खालची फरशी ही दोन कठीण, सपाट व परस्परांना समांतर पृष्ठे खोलीत निर्वेध राहतात, आणि घरच्या स्टुडिओतील पुष्कळशा तक्रारींचे मूळ या जोडीतच सापडते.

शहरातील सदनिकांत ही उंची बहुधा ९ फूट, म्हणजे सुमारे २.७५ मीटर, असते. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४४ मीटर धरला, तर ज्या तरंगाची अर्धी लांबी या उंचीत बरोबर मावते त्याची कंप्रता ६२-६३ हर्ट्झ येते; हा डग्ग्याच्या घुमाऱ्याचा प्रदेश. हा तरंग स्लॅबखाली व फरशीलगत जोरकस आणि मधोमध, साडेचार फुटांवर, अत्यंत क्षीण असतो. आणि खुर्चीत बसलेल्या माणसाचे कान चार फुटांच्या आसपास, म्हणजे या क्षीण पट्ट्याजवळच येतात. मिक्सिंग करणाऱ्याला डग्गा दुबळा वाटतो, तो त्याला चढवतो, आणि तेच मुद्रण दुसऱ्याच्या दिवाणखान्यात खोलीभर घुमत सुटते. डग्गा बिचारा निर्दोष!

मग गादीवर बसून ऐकावे काय? तेथे सव्वादोन फुटांवर सव्वाशे हर्ट्झचा दुसरा तरंग क्षीण होतो, सबब ही युक्तीही अपुरी; कान सव्वातीन फुटांवर येतील अशी बुटकी बैठक, आणि तिच्या मानाने खाली घेतलेले स्पीकर, हा मध्यममार्ग त्यातल्या त्यात बरा.

मध्यम व तार स्वरांचा मामला सोपा आहे. स्पीकरमधून निघालेला ध्वनी छतावर आपटून, मूळ ध्वनीमागून सुमारे सहा मिलिसेकंदांनी कानी येतो व त्यात मिसळून काही स्वर खातो, काही फुगवतो. श्रोत्याने जागेवर बसावे, दुसऱ्याने छताला आरसा लावून सरकवावा. स्पीकर दिसेल तेथे चार इंच जाडीचा, कापडात गुंडाळलेला रॉकवूलचा आडवा फलक, म्हणजे क्लाउड, वर आणखी चार इंच पोकळी ठेवून टांगावा. वरच्या मजल्यावरील खुर्च्यांच्या ओढाताणीवर त्याचा अंमल चालत नाही, हेही सांगून ठेवतो. ध्वनी शोषण्यासाठी म्हणून छताला चिकटवल्या जाणाऱ्या अंड्यांच्या ट्रेंची तर दखल घेण्याचेही कारण नाही.

कोकणातील कौलारू घराचे उतरते छप्पर परावर्तित ध्वनी आपसूक बाजूला वळवते; सदनिकेत ती सोय नाही, आणि लोक तर पीओपीचे फॉल्स सीलिंग बसवून असलेली उंचीही सहा-आठ इंचांनी घटवतात. ते पृष्ठ स्लॅबइतकेच सपाट, गुळगुळीत. शिवाय त्यातील दिव्यांच्या चौकटी खर्जाबरोबर खडखडतात, ते वेगळेच.

तेव्हा कारागिराला बयाणा देण्यापूर्वी फरशीपासून स्लॅबपर्यंत टेप लावावी. उंची नऊ फूट वा त्याहून कमी भरली, तर फॉल्स सीलिंगची तजवीज रद्द करून ती रक्कम रॉकवूलकडे वळवावी.