प्रजातींच्या जन्ममृत्यूचा वेग : गैरसमज आणि वस्तुस्थिती

नवी प्रजाती किती वेगाने तयार होते आणि असलेली किती वेगाने नामशेष होते, हे ठरवण्याची मुख्य साधने दोन : खडकांतले जीवाश्म आणि आजच्या जीवांचा डीएनए. जीवाश्मांत मृतांपैकी थोड्यांचीच नोंद असते. जिवंतांच्या डीएनएवरून मांडलेल्या वंशवृक्षात ज्यांचा वंश खुंटला, ते दिसतच नाहीत. याचा विसर पडला की पुढील गैरसमज होतात.

गैरसमज १ : नवी प्रजाती तयार व्हायला नेहमीच लाखो वर्षे लागतात.

वस्तुस्थिती : आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवर कोरडे पडले होते, ते सुमारे १६ हजार वर्षांपूर्वी पुन्हा भरू लागले. त्यानंतर तेथे सिक्लिड माशांच्या सुमारे ५०० प्रजाती उदयाला आल्या. त्यांपैकी पुंडामिलिया माशांच्या दोन प्रजातींत एकीचे निळसर नर उथळ पाण्यात राहतात, तर दुसरीचे लाल नर जरा खोलवर, जिथे लालसर प्रकाश अधिक पोहोचतो. त्यांचे डोळे त्या त्या प्रकाशाला जुळलेले आहेत आणि माद्या आपल्याच प्रजातीच्या रंगाचा नर निवडतात. मात्र पाणी गढूळ असते तिथे रंग ओळखता येत नाहीत, संकर होतो आणि दोन प्रजातींमधली सीमा पुसट होते. नव्याने फुटलेल्या अनेक शाखा अशा टिकत नाहीत. त्यामुळे काही हजार वर्षांत मोजलेला वेग कोट्यवधी वर्षांना जसाच्या तसा लावता येत नाही.

गैरसमज २ : शेवटचा जीवाश्म ज्या काळातला, त्याच काळात तो जीव संपला.

वस्तुस्थिती : जीवाश्म बनणे हा अपवाद आहे. शेवटचा प्राणी नेमका दगडात जपला जाणे आणि तो सापडणे जवळजवळ अशक्य. त्यामुळे खरा शेवट शेवटच्या जीवाश्मानंतरचा असतो, आणि एकाच वेळी नाहीशा झालेल्या प्रजातीही खडकांत टप्प्याटप्प्याने संपल्यासारख्या दिसतात. १९८२ साली फिलिप सिग्नर आणि जेरे लिप्स यांनी हा दोष दाखवून दिला. सीलॅकँथ माशांचा गट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच संपला असे मानले जाई. १९३८ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ त्या गटातला मासा मच्छीमारांच्या जाळ्यात आला. म्हणून आता जीवाश्मांच्या नोंदीत किती रिकामी अंतरे पडतात ते पाहून नाशाच्या काळाची शक्य मर्यादा संख्याशास्त्राने काढली जाते.

गैरसमज ३ : जिवंत प्रजातींच्या डीएनएवरून जन्माचा आणि नाशाचा, दोन्ही दर अचूक कळतात.

वस्तुस्थिती : डीएनएतील बदलांच्या संख्येवरून दोन वंश केव्हा वेगळे झाले याचा अंदाज बांधता येतो, पण या ‘रेण्वीय घड्याळा’ला वर्षांचे माप बहुधा जीवाश्मांवरूनच द्यावे लागते. आज हयात असलेल्या माणसांवरून मांडलेल्या वंशावळीत निपुत्रिक राहिलेले नातलग येत नाहीत, तसेच इथेही होते. शिवाय अलीकडे जन्मलेल्या प्रजातींना नामशेष व्हायला वेळच मिळालेला नसतो, त्यामुळे वृक्षाचा शेंडा दाट दिसतो. स्टिलियानोस लुका आणि मॅथ्यू पेनेल यांनी २०२० मध्ये गणिताने दाखवले की, जन्म आणि नाशाच्या दरांच्या असंख्य निरनिराळ्या इतिहासांतून जिवंतांचा एकच वृक्ष तितक्याच संभाव्यतेने निर्माण होऊ शकतो. देवमासे आणि डॉल्फिन यांच्या आज सुमारे ९० प्रजाती आहेत. त्यांची विविधता पूर्वी जास्त होती आणि पुढे घटली, हे जीवाश्म सांगतात. केवळ डीएनएवरून केलेल्या नेहमीच्या विश्लेषणांत ही घट सहसा दिसत नाही.

गैरसमज ४ : ‘जिवंत जीवाश्म’ म्हणजे ज्यांच्यात नव्या प्रजाती कधी झाल्याच नाहीत.

वस्तुस्थिती : न्यूझीलंडमधील तुआतारा हा सरड्यासारखा प्राणी त्याच्या गटातली एकमेव जिवंत प्रजाती आहे. सरडे-सापांपासून हा वंश सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी वेगळा झाला. केवळ वंशवृक्ष पाहिला तर एकच लांब, उघडी फांदी दिसते. प्रत्यक्षात डायनोसॉरांच्या काळात हा गट अनेक खंडांवर पसरला होता. प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातील जुरासिक काळच्या कोटा खडकांतही त्याचे जीवाश्म मिळाले असून त्यांतील एकाचे नाव ‘गोदावरीसॉरस’ आहे. म्हणजे शाखा फुटल्या होत्या, पण त्या टिकल्या नाहीत.

गैरसमज ५ : बहुतेक प्रजाती महाविलोपनांतच संपल्या.

वस्तुस्थिती : जीवसृष्टीच्या इतिहासात पाच मोठी महाविलोपने मानली जातात. त्यांतले शेवटचे, डायनोसॉरांचे, दख्खनचे लाव्हाथर साचत होते त्याच काळातले. पण डेव्हिड रॉप यांच्या अंदाजानुसार एकूण विलोपनांपैकी पाच टक्क्यांहून कमी विलोपने या पाच घटनांत झाली. बाकीच्या प्रजाती शांत काळात, एकेक करून गेल्या.

गैरसमज ६ : प्रजाती नामशेष होणे नैसर्गिक आहे, म्हणून आजचा नाशही नेहमीचाच.

वस्तुस्थिती : शांत काळातल्या नाशाचा दर बऱ्याचदा दहा लाख प्रजातींमागे वर्षाला एक असा धरतात, काही अंदाज त्याच्याही दशांश आहेत. पक्ष्यांच्या सुमारे ११ हजार प्रजाती धरल्या, तर ५०० वर्षांचा हिशेब ५५ लाख प्रजाती-वर्षे होतो. म्हणजे या काळात पाच-सहा पक्षी नामशेष होणे अपेक्षित होते. १५०० सालापासून प्रत्यक्षात नोंद आहे दीडशेहून अधिक पक्ष्यांची, आणि हा आकडा फक्त नोंद झालेल्यांचा आहे. नैसर्गिक दर दुप्पट धरला तरी अपेक्षित संख्या अकराच्या पुढे जात नाही. दरांचे अंदाज ढोबळ आहेत हे खरे. पण आजचा नाश नेहमीच्या नाशाहून कितीतरी वेगवान आहे, हा निष्कर्ष त्या ढोबळपणाने डळमळत नाही.