सी.टी. विभागाच्या मागील खोलीतील संगणक

यंदाच्या ताळेबंदात ‘संगणक व आनुषंगिक सामग्री’ या शीर्षाखालील रक्कम वाढलेली पाहून काही विश्वस्तांनी व देणगीदारांनी आमच्याकडे पृच्छा केली. सी.टी. स्कॅनचे यंत्र जुनेच असताना त्याच्या मागील खोलीतील संगणकावर एवढा खर्च कशासाठी, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. शस्त्रक्रियागृहाला दात्याच्या नावाची पाटी तरी लावता येते. या संगणकाला तीही सोय नाही. म्हणून हे थोडे विवेचन.

सी.टी. यंत्र छायाचित्र काढत नाही, ही गोष्ट प्रथम ध्यानी घ्यावी. क्ष-किरणांची नळी रुग्णाभोवती फिरते आणि प्रत्येक कोनातून पलीकडे किती किरण पोहोचले, एवढेच समोरील शोधक मोजतात. वाटेतील हाड, रक्त, मेद या सर्वांनी मिळून किती किरण अडविले, याची ती केवळ एकत्रित बेरीज असते. हिशेबाच्या भाषेत सांगायचे, तर तक्त्याच्या आडव्या, उभ्या व तिरप्या बेरजा हाती आहेत, परंतु चौकटींतील मूळ रकमा पुसल्या गेल्या आहेत. त्या शोधून काढावयाच्या आहेत. एका छेदचित्रात सामान्यतः ५१२ गुणिले ५१२, म्हणजे २,६२,१४४ चौकटी असतात आणि एका तपासणीत अशी शेकडो छेदचित्रे तयार होतात.

हे काम प्रथम साधले गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांना. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विम्बल्डन भागातील ॲटकिन्सन मोर्ली रुग्णालयात एका महिलेच्या मेंदूची तपासणी झाली. ते ई.एम.आय. या कंपनीत अभियंता होते. ही तीच कंपनी, जिच्या ग्रामोफोनच्या तबकड्या आमच्या पिढीने घरोघरी ऐकल्या. त्यांची पद्धत मोठी चिकाटीची होती. चौकटींत अंदाजे रकमा भरायच्या, बेरजा करायच्या, मोजलेल्या बेरजांशी ताडून पाहायच्या, आलेला फरक चौकटींत वाटून पुन्हा आरंभ करायचा. तेरीज जुळत नाही तेव्हा आम्ही हिशेबनीस याहून वेगळे काय करतो? चित्र अवघ्या ८० गुणिले ८० चौकटींचे. तरी मोठ्या संगणकाला त्यासाठी सुमारे अडीच तास लागत. पुढे चौकटी वाढत गेल्या, तशी ही पद्धत मागे पडली. एकाच फेरीत उत्तर देणारे झटपट गणित रूढ झाले आणि तीसहून अधिक वर्षे तेच चालले.

झटपट गणिताची एक किंमत होती. किरण कमी सोडले, की चित्रात खरखर दिसू लागते. चित्र स्वच्छ हवे, तर किरण अधिक सोडावे लागत. फेऱ्यांची पद्धत मात्र कोणत्या बेरजेवर किती विश्वास ठेवावा, हेही विचारात घेते. त्यामुळे कमी किरणांतही उपयुक्त चित्र मिळू शकते. अडचण होती ती केवळ वेळेची.

ती दूर केली मुलांच्या खेळांनी, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. संगणकावरील खेळांत पडद्यावरील लक्षावधी ठिपके एकाच वेळी रंगवावे लागतात. त्यासाठी घडविलेल्या ग्राफिक्स प्रोसेसरमध्ये शेकडो, आता हजारो, लहान गणनाघटक असतात. नेहमीचा प्रोसेसर म्हणजे एक कुशाग्र मुख्य हिशेबनीस. ग्राफिक्स प्रोसेसर म्हणजे बेताच्या बुद्धीच्या कारकुनांनी भरलेले भले मोठे दालन. छेदचित्राच्या चौकटी बहुतांशी एकमेकींची वाट न पाहता सोडविता येतात. तेथे दालनच जिंकते. १९९४ मध्ये सिलिकॉन ग्राफिक्सच्या संशोधकांनी हे दाखवून दिले. २००७ मध्ये एनव्हिडिया कंपनीने ‘कुडा’ ही आज्ञाप्रणाली खुली केल्यावर असे गणित लिहिणे सुकर झाले आणि त्या दशकाच्या अखेरीस फेऱ्यांवर आधारित पद्धती रुग्णालयांत परतू लागल्या.

आपल्या जुन्या संगणकावर ही पद्धत वापरणे व्यवहार्य नव्हते; एका रुग्णाचे गणित पुरे होईतो पुढचे रुग्ण खोळंबत. आता चित्रे रुग्ण मेजावरून उतरेपर्यंत समोर येतात. बालकांच्या आणि वारंवार तपासणी कराव्या लागणाऱ्या कर्करुग्णांच्या बाबतीत याचे मोल अधिक आहे, कारण त्यांना मिळणाऱ्या किरणांची बेरीज वर्षानुवर्षे साठत जाते. अपघात विभागात डोक्याला मार लागलेला रुग्ण येतो, तेव्हा वाचलेली मिनिटेही लहान नसतात.

तथापि काही गोष्टी स्पष्ट केल्या पाहिजेत. या खर्चाने तपासणीची प्रतीक्षायादी आपोआप लहान होणार नाही. अहवाल लिहिणारे क्ष-किरणतज्ज्ञ तेवढेच आहेत. तसेच नवी चित्रे गुळगुळीत दिसतात, म्हणून किरण मनमानी घटविता येत नाहीत. फार घटविले, तर यकृतातील एखादा पुसट डाग निसटू शकतो. याच कारणास्तव आपल्या तज्ज्ञांनी मात्रा एकदम न उतरविता शरीराच्या एकेका भागासाठी टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे धोरण ठेवले आहे. त्यांच्या या सबुरीला आमचा पूर्ण पाठिंबा आहे. प्रत्येक तपासणीतील किरणमात्रेची नोंद यंत्रात होते. नातेवाइकांनी ती विभागात अवश्य विचारावी.

हा संगणक बराच तापतो. त्या खोलीच्या वातानुकूलनाची व अखंड वीजपुरवठ्याची तरतूद आगामी अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षाखाली दाखविली आहे.