आजार किडनीचा, धोका हृदयाला

"आजार किडनीचा होता, मग हार्ट अटॅकने कसा गेला?" डायलिसिस वॉर्डात नर्स म्हणून काम करताना हा प्रश्न आम्ही अनेकदा ऐकला. एका आईने विचारला तेव्हा तिचा मुलगा तिशीतही पोहोचला नव्हता. शेजारच्या बाया म्हणाल्या, नशीब. आम्हाला ते पटले नाही. यामागे कारण आहे आणि ते घराघरात कळले पाहिजे.

डायलिसिसवरच्या रुग्णांचे सर्वाधिक मृत्यू हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराने होतात. 1998 साली मांडलेल्या अमेरिकेतील आकडेवारीत दिसले की 25 ते 34 वर्षांच्या डायलिसिस रुग्णाला हृदयविकाराने मृत्यूचा धोका पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाइतका असतो.

असे का होते? रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे राखणदार. जंतू शिरला की धावून जातात, लढतात, काम संपले की शांत होतात. डायलिसिसच्या रुग्णात मात्र त्या शांत होत नाहीत. निरोगी किडनी आठवड्याचे 168 तास रक्त गाळते. मशीन चार-चार तास, आठवड्यातून तीनदा, म्हणजे 12 तास. उरलेली घाण पेशींना डिवचत राहते. त्यात मानेतल्या नळीचा जंतुसंसर्ग, हिरड्यांतला पू, मशीनच्या नळ्यांशी येणारा रक्ताचा संपर्क. शरीरात मंद दाह धुमसत राहतो. ताप नसतो, दुखत नसते, म्हणून तो कळत नाही.

या चिडलेल्या पेशींपैकी मोनोसाइट नावाच्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीत घुसतात, तिथली चरबी गिळून फुगतात आणि तिथेच मरतात. त्यांचा थर साचतो. दाहाने थर फुटला की त्यावर रक्ताची गुठळी होते आणि झटका येतो. दुसरीकडे रक्तात फॉस्फरस वाढल्याने भिंतीत कॅल्शियम साचून नस कडक होते.

मग कोलेस्टेरॉलची गोळी पुरेशी नाही का? जर्मनीत 2005 मध्ये 1255 मधुमेही डायलिसिस रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गोळीने कोलेस्टेरॉल पुष्कळ उतरले, पण हृदयविकार आणि मृत्यू म्हणावे तसे कमी झाले नाहीत. म्हणजे दोष एकट्या चरबीचा नाही. (तुमची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.)

घरच्यांनी काय करावे?

पाळी चुकवू नका. रोज बुडतो म्हणून डायलिसिस टाळला जातो, हे आम्हाला ठाऊक आहे. पण घाण साचते ती तेव्हाच. खर्चाची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा. रेशन कार्ड आणि आधार सोबत न्या.

फिस्टुलाचा आग्रह धरा. मानेतली नळी ही तात्पुरती सोय. ती महिनोन्‌महिने राहिली की जंतू शिरतात. हातावरचा फिस्टुला वापरायोग्य व्हायला दीड-दोन महिने किंवा जास्तही लागतात, म्हणून आधीच विचारा. त्या हातावर बीपी मोजू देऊ नका, सुई टोचू देऊ नका. तिथली थरथर रोज सकाळी बोटांनी तपासा. ती थांबली तर लगेच रुग्णालय गाठा.

थंडी वाजली तर लपवू नका. डायलिसिस चालू असताना हुडहुडी भरणे किंवा नळीजवळ पू दिसणे म्हणजे संसर्गाची शक्यता. लगेच सिस्टरना सांगा.

तोंड सांभाळा. मिश्री आणि तंबाखू बंद. हिरड्यांतून रक्त येत असेल तर दातांच्या डॉक्टरांना दाखवा आणि डायलिसिस चालू असल्याचे आधी सांगा.

उपाशी ठेवू नका. डायलिसिसच्या आधी प्रथिने कमी करायला सांगितलेली असतात. घरचे तेच पथ्य पुढेही चालू ठेवतात आणि रुग्ण खंगतो. डायलिसिस सुरू झाल्यावर प्रथिने जास्त लागतात. अंड्याचा पांढरा भाग किती द्यायचा ते विचारा. मीठ, पाकिटातले पदार्थ आणि काळी थंड पेये टाळा. फॉस्फरसची गोळी जेवणासोबतच घ्यायची असते. उपाशीपोटी घेतली तर तिचा उपयोग नाही.

दोन तपासण्या विचारा. सीआरपी वाढलेला आणि अल्ब्युमिन घटलेले असेल तर "दाह कुठून येतोय?" असे डॉक्टरांना विचारा. हा प्रश्न विचारायला शिक्षण लागत नाही.

छातीत दाब, धाप, घाम, जबड्यात किंवा हातात कळ आली तर पुढच्या पाळीची वाट पाहू नका. मधुमेह असेल तर छातीत न दुखताही झटका येतो. 108 ला फोन करा आणि रुग्ण डायलिसिसवर आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा.