वापरलेल्या चादरीला कशाला घाबरायचं?

जुन्या बाजारातून किंवा बोहारणीकडून चादरी घेऊन त्यांचे कुर्ते, परकर, झबली शिवता येतात, असं म्हटलं की ठरलेलं उत्तर येतं: “शी! कोणाची असेल, काय काय रोग असतील तिच्यात!” शिवण शिकणाऱ्या मुलींना हे घरोघरी ऐकवलं जातं. मग उत्तम सुती कापड पायपुसणं होतं आणि हात बसवायला नवं, महागाचं कापड कापावं लागतं. म्हणून हा गैरसमज आधी नीट तपासू.

गैरसमज: वापरलेल्या चादरीच्या कपड्यांतून त्वचारोग होतात.

वस्तुस्थिती: न धुतलेल्या चादरीतून होऊ शकतात. नीट धुतलेल्या चादरीची भीती बाळगायचं कारण नाही. खरजेचा किडा माणसाच्या अंगापासून दूर साधारण 2-3 दिवसांहून जास्त जगत नाही. 50 अंश सेल्सिअसच्या वर 10 मिनिटांत तो आणि त्याची अंडी मरतात, असं अमेरिकेची सीडीसी ही रोगनियंत्रण संस्था सांगते. नायट्याची बुरशी जास्त चिवट असते. कोमट पाण्याला ती दाद देत नाही, पण 60 अंशांच्या धुण्यापुढे टिकत नाही. ढेकूण मात्र उपाशीपोटी महिनोन्‌महिने काढतो आणि शिवणीत, दुमडीत लपतो. म्हणून विकतची जुनी चादर आणल्यावर गादीवर किंवा कपाटात ठेवायची नाही. ती पिशवीतून थेट कढत पाण्यात टाकायची.

आधी ओल्या पांढऱ्या फडक्यानं कोपरा घासून रंग पक्का आहे का ते पाहा. मग चादर साबणाच्या कढत पाण्यात अर्धा तास झाकून ठेवा किंवा मशीनमध्ये 60 अंशांवर लावा. कडक उन्हात वाळवा. सुती कापडाला इस्त्री दोन्ही बाजूंनी फिरवा. कॉटनच्या खुणेवर इस्त्रीचा तवा 200 अंशांच्या आसपास तापतो. एवढं केल्यावरही “पण कोणाची होती?” हा प्रश्न उरत असेल, तर तो आरोग्याचा प्रश्न नाही.

रेल्वेच्या एसी डब्यातली चादर, लॉजमधला पलंगपोस, दवाखान्यातली खाट यांवर आपल्याआधी कितीतरी माणसं झोपून गेलेली असतात. धुऊन दिलं म्हणून आपण तिथे निर्धास्त झोपतो. मग तोच न्याय शिवणाच्या टेबलावर का लावायचा नाही? आपल्याकडे बाळाची दुपटी आणि लंगोट आजीच्या जुन्या लुगड्याचे करतात, कारण अनेकदा धुतलेलं सूत मऊ होतं आणि नाजूक कातडीला टोचत नाही.

आणि नवं म्हणजे निर्धोक, हेही खरं नाही. सुरकुत्या न पडणाऱ्या नव्या कापडावर फॉर्मल्डिहाइडची प्रक्रिया केलेली असू शकते. अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाच्या 2010 च्या अहवालात तपासलेल्या 180 वस्तूंपैकी 10 वस्तूंत त्याचं प्रमाण कडक मर्यादेहून जास्त निघालं. बहुतेक वस्तू मर्यादेत होत्या, पण नवं कापडही धुऊनच अंगाला लावावं, हा धडा त्यातून घ्यायला हवा.

गैरसमज: जुनं कापड टिकत नाही.

वस्तुस्थिती: चादर सगळीकडून सारखी झिजत नाही. अंग घासून मधला भाग विरतो, कडा शाबूत राहतात. चादर खिडकीसमोर धरा. जिथून उजेड जाळीसारखा दिसतो तो भाग सोडून द्या. उरलेल्या कापडाला दोन्ही हातांनी उभा-आडवा ताण द्या. ते टरकलं नाही तर बिनधास्त बेता. 90 बाय 100 इंची डबल चादरीत 44 इंच पन्ह्याच्या अडीच मीटर कापडाच्या दुपटीहून थोडं जास्त कापड असतं, म्हणजे दोन कुर्त्यांपुरतं. मधला भाग गेला तरी एक कुर्ता आणि एखादं झबलं सहज निघतं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

“शिवल्यावर आटेल.” नवं सुती कापड पहिल्या धुण्यांत आटतं. जुनं आधीच बरंचसं आटलेलं असतं.

“चादर म्हणजे सुतीच.” नाही. कडेचे दोन धागे काढून चिमट्यात धरून पेटवा. सूत कागदासारखा वास देत जळतं, राख भुसभुशीत होते. पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गुठळी होते.

“पडदा म्हणजे जाड चादरच.” उजेड अडवणाऱ्या पडद्यांना मागून लेप असतो. त्यातून हवा जात नाही. अंगावरच्या कपड्यांसाठी ते घेऊ नका.

“वापरलेलं घातलं की दारिद्र्य येतं.” याला कसलाही आधार नाही. पैसे उलट वाचतात.

ज्यांना शिवण शिकायचं आहे, त्यांनी पहिला कुर्ता वापरलेल्या चादरीचाच बेतावा. चुकलेली कात्री स्वस्तात निभावते, आणि स्वस्तात निभावली की माणूस पुन्हा कापायला धजतो. रोगाची भीती घालून ही संधी कोणाकडून हिरावून घेऊ नका.