जिंकायचं तर ठरलेलंच आहे!

उमेळ्याहून नायगाव स्टेशन आणि तिथून अंधेरी. या रोजच्या प्रवासात मोबाइलवर तीन-तीन मिनिटांचे बुद्धिबळाचे डाव खेळायची मला सवय होती. जिंकलो की रेटिंग वर, हरलो की ऑफिस येईपर्यंत मूड ऑफ. बॉसची टार्गेट्स काय कमी होती, म्हणून हे आणखी एक! शेवटी डाव सोडले आणि बुद्धिबळातल्या 'समस्या' सोडवायला लागलो.

निकाल आधीच फुटलाय

समस्या म्हणजे कुणीतरी मुद्दाम रचलेली मांडणी. खाली एकच ओळ : पांढऱ्याची चाल, तीन चालींत मात. म्हणजे कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं. उत्सुकता फक्त 'कसं?' याची. या रचनाकारांना फिडे, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघ, १९७२ पासून ग्रँडमास्टर किताबही देतो. त्यासाठी एकही डाव जिंकावा लागत नाही. 'फिडे अल्बम'मध्ये निवडल्या गेलेल्या रचनांचे ७० गुण जमले की झालं.

चित्रकाराची फिरकी

साहजिकच हा छंद कलावंतांना भुरळ घालतो. सगळ्यांत गाजलेलं नाव मार्सेल द्युशां. होय, १९१७ मध्ये मुतारीचं भांडं 'फाउंटन' म्हणून प्रदर्शनाला पाठवणारा तोच! ऐन भरात असताना या पठ्ठ्यानं चित्रं बाजूला सारली आणि पट मांडला. फ्रान्सकडून ऑलिम्पियाड खेळला. १९३२ मध्ये व्हिताली हाल्बरश्टाटबरोबर पुस्तक लिहिलं, तेही राजा-प्याद्यांच्या अशा शेवटांवर, जे खऱ्या डावात क्वचितच येतात.

१९४३ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्युलियन लेव्ही गॅलरीतल्या प्रदर्शनाच्या पत्रकासाठी त्यानं एक समस्या दिली. पांढऱ्यानं खेळून जिंकायचं. सोबत बाण रोखलेला क्युपिड. लोकांनी डोकं फोडून घेतलं, पण जिंकायची वाट काही सापडली नाही. जाणकारांच्या मते ती नाहीच, डाव बरोबरीचा आहे. उत्तराची हमी देणाऱ्या खेळात त्यानं फक्त शोध शिल्लक ठेवला.

शागीर्दाची कमाल

हे सगळं फॉरेनचं वाटतंय? मग ऐका. १८१४ मध्ये आपल्या मुंबईत बुद्धिबळाच्या मांडण्यांचं एक इंग्रजी पुस्तक छापलं गेलं. मूळ संस्कृत 'विलासमणिमंजरी', लेखक त्रिवेंगडाचार्य शास्त्री. आपल्या जुन्या देशी खेळात प्यादेमात सगळ्यांत मानाची. वजिरानं कुणीही मारेल हो, प्याद्यानं मारून दाखवा! म्हणजे नुसतं जिंकण्यापेक्षा कसं जिंकलात याला आपल्याकडे आधीपासूनच भाव होता.

पुढे १८४५ मध्ये लंडनच्या एका बुद्धिबळ मासिकात दिल्लीहून आलेली समस्या छापून आली. पाठवणाऱ्याचं टोपणनाव 'शागीर्द'. हा शागीर्द म्हणजे रेव्हरंड लव्हडे हा इंग्रज पाद्री. त्याची युक्ती भन्नाट आहे. काळ्याला चालच उरली नाही तर डाव बरोबरीत सुटणार. म्हणून पांढरा आपला उंट पार पटाच्या काठाला नेतो आणि त्याच्या वाटेत स्वतःचाच हत्ती आडवा घालतो. काळ्या राजाला एक घर मोकळं मिळतं. तो तिथे सरकतो, हत्ती बाजूला होतो, उंटाचा शह बसतो आणि मात! मागे जाऊन, स्वतःलाच अडवून, समोरच्याला श्वास घेऊ देऊन मिळवलेली मात. ही कल्पना आजही जगभर 'इंडियन थीम' म्हणूनच ओळखली जाते.

तुम्हीही करून बघा

सुरुवात 'दोन चालींत मात'पासून करा. घड्याळ लावू नका आणि इंजिनला तर अजिबात विचारू नका. एक टिप देतो : पहिली चाल सहसा शह देणारी नसते. बहुतेक वेळा ती अगदी साधी, बिनकामाची वाटणारी चाल असते. ती सापडायला दोन दिवस लागले तरी रेटिंग घसरत नाही, अप्रेझलमध्येही कुणी विचारत नाही. आणि सापडली की एकट्यानंच गालात हसायचं!